मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे का होतात?

म्हैसूर येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था आणि ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठ यांच्या सहकार्यातून मराठीसह १४ भाषांचा मजकूर-संग्रह युनिकोडमध्ये उपलब्ध झाला. अशा कामात अक्षरसंकेताला विशेष महत्त्व असते.

संगणक अक्षरे नव्हे, तर अंक साठवतो. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात १७९ हा एकच अंक देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ या दोहोंसाठी होता. लिपी वेगळी नमूद करावी लागे. युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, तर कन्नड ‘क’चा ३२२१ आहे.

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘मराठी’ हा शब्द १५ बाइटचा होतो. वेबपृष्ठ संपादित करणाऱ्या सॉफ्टवेअरने अशी फाइल पाश्चात्त्य संकेतप्रणालीत उघडल्यास प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर मानला जातो आणि अनाकलनीय चिन्हे दिसतात. तेवढ्याने हानी होत नाही. योग्य प्रणाली निवडून फाइल पुन्हा उघडल्यास मजकूर पूर्ववत दिसतो.

मात्र, अचूक दिसणारा मजकूर देवनागरीला स्थान नसलेल्या प्रणालीत जतन केल्यास अनेक सॉफ्टवेअर प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह लिहितात. मूळ अंकच नष्ट झाल्याने त्या फाइलमधून मजकूर परत मिळवता येत नाही.

त्यामुळे फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करणे, पृष्ठाच्या आरंभी तीच प्रणाली नमूद करणे आणि बदल करण्यापूर्वी मूळ प्रत राखून ठेवणे आवश्यक ठरते.