प्रोफाइल बनवली म्हणजे मॉनिटर खरा झाला?

एचडी व्हिडिओचे रंग कसे दिसावेत, हे मानकांनी ठरवून दिले आहे. लाल, हिरवा, निळा हे मूळ रंग आणि डी६५ हा पांढरा रेक. ७०९ या मानकात निश्चित केलेले आहेत. छटा काळ्याकडून पांढऱ्याकडे कशा उजळत जाव्यात, ते २०११ च्या बीटी. १८८६ मध्ये आहे. त्याचा गॅमा २.४. मंद उजेडाच्या खोलीत शुभ्र पांढऱ्याची तेजस्विता १०० निट धरतात. मॉनिटर अचूक आहे की नाही, हे या आकड्यांवरून ठरते.

आता तो चिवट समज. रंग मोजणारा कलरिमीटर पडद्यावर टेकवला, सॉफ्टवेअरने प्रोफाइल बनवली, म्हणजे एडिटिंगमध्येही रंग बरोबर दिसणार! कितीदा खोडून काढला तरी तो परत येतोच.

प्रोफाइलचे भाग दोन. एका भागातल्या दुरुस्तीच्या वक्ररेषा ग्राफिक्स कार्डात भरल्या जातात. त्यांनी पांढऱ्यातली निळसर झाक जाते, राखाडी छटा सुधारतात, आणि हा फरक प्रत्येक प्रोग्रॅममध्ये दिसतो. म्हणूनच फसगत होते. मॉनिटरचा लाल मुळात जास्त भडक असेल, तर तो या वक्ररेषांनी सौम्य होत नाही. दुसऱ्या भागात त्या लालाचे नुसते वर्णन असते. ते वाचून रंग बदलून दाखवणे प्रोग्रॅमचे काम. चष्म्याचा नंबर कागदावर मिळाला, तरी चष्मा घातल्याशिवाय दिसत नाही.

फोटोशॉप हे वर्णन वाचते. प्रीमियर प्रोमध्ये ‘डिस्प्ले कलर मॅनेजमेंट’ चालू आहे का, ते पाहावे लागते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये मॅकवर तसा पर्याय आहे. विंडोजवर रिझॉल्व्हचा व्ह्यूअर प्रोफाइलकडे पाहतही नाही. अशा वेळी पी३ या जास्त रुंद रंगपल्ल्याच्या मॉनिटरवर चेहरे तांबूस दिसतात, एडिटर सॅच्युरेशन उतरवतो, आणि तोच चेहरा घरच्या टीव्हीवर फिका पडतो. मग खापर कॅमेऱ्यावर!

उपाय आहेत. मॉनिटरचा स्वतःचा रेक. ७०९ मोड निवडून मोजमाप घ्यावे. आयझोच्या कलरएजसारख्या मॉनिटरमध्ये दुरुस्ती मॉनिटरच्या आतच साठवता येते. नाहीतर थ्रीडी लट (LUT, म्हणजे रंगबदलाचा तक्ता) बनवून तो रिझॉल्व्हच्या व्ह्यूअरला लावावा. मात्र लट आणि प्रोफाइल दोन्ही लागले, तर एकच दुरुस्ती दोनदा होते. सर्वांत खात्रीचा मार्ग डेकलिंक किंवा अल्ट्रास्टुडिओसारख्या उपकरणातून सिग्नल काढण्याचा. तो सिग्नल ऑपरेटिंग सिस्टिमला वळसा घालून थेट मॉनिटरकडे जातो. दुरुस्ती मॉनिटरमध्ये किंवा मधल्या लट-बॉक्समध्ये होते.

असेच आणखी काही समज आहेत. ‘१०० टक्के एसआरजीबी’ हा खोक्यावरचा दावा किती रंग दाखवता येतात एवढेच सांगतो, कोणता किती अचूक ते नाही.

अनुभवी डोळाही मापक नव्हे. खोलीतल्या दिव्याचा पांढरा तो थोड्या वेळात खरा मानू लागतो.

काळे धुरकट दिसले की लोक कॅलिब्रेशनला दोष देतात. पुष्कळदा गोंधळ १६–२३५ आणि ०–२५५ या सिग्नलच्या पातळ्यांचा असतो.

मॅकवर क्विकटाइममध्ये फाइल फिकी दिसते, तीही मॉनिटर बिघडल्यामुळे नव्हे. रेक. ७०९ ची खूण असलेली फाइल मॅकची रंगव्यवस्था २.४ पेक्षा कमी गॅमाने उलगडते.

आणि ‘प्रेक्षकांचे फोन वेगवेगळे, मग अचूकता कशाला?’ फोन वेगवेगळ्या दिशांनी चुकतात. मूळ फाइलच हिरवट असेल, तर तो हिरवेपणा प्रत्येक फोनच्या चुकीत मिसळतो.