परसबागेसाठी हातमोजे निवडताना

सुरत, नवसारी व वलसाड या दक्षिण गुजरातच्या जिल्ह्यांत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. त्यांत भाताच्या व उसाच्या ओल्या शेतांत राबणारे अधिक. उंदीर व गुरांच्या मूत्रातील जिवाणू चिखलपाण्यात टिकून राहतात आणि त्वचेवरील चिरांतून, ओरखड्यांतून शरीरात शिरतात. गोव्यातील परसातही हा धोका आहेच. म्हणून हातमोज्यांचा विचार केवळ नखांतील मातीपुरता नसावा.

सुती मोजे हवेशीर असतात. कोरड्या हवेत सुरती पापडीच्या शेंगा तोडण्यास ते पुरेसे. पावसात मात्र तेच ओली माती त्वचेशी धरून ठेवतात. तळव्यावर नायट्राइलचा लेप असलेले विणीचे मोजे वांग्याचे काटे बऱ्यापैकी अडवतात, मागून हवाही खेळते. अर्थात चिखलात पाणी तेथूनच आत येते. आषाढ-श्रावणात संपूर्ण लेपाचे, मनगटाच्या वर जाणारे मोजेच बरे, घाम आला तरी. सुरणाची खाजही त्यांनी टळते. रबराची ॲलर्जी असल्यास लेटेक्सऐवजी नायट्राइल घ्यावे.

माप महत्त्वाचे. अंगठा वगळून तळव्याचा घेर मोजावा. सैल मोजात खुरपे निसटते आणि घडीखाली फोड येतात. घट्ट मोजात बोटे अवघडतात आणि मोजा अर्ध्या कामात काढून ठेवला जातो. वापरानंतर मोजे उलटे करून वाळवावेत, हात साबणाने धुवावेत. चिखलात काम केल्यावर काही दिवसांत ताप व पोटऱ्यांत वेदना सुरू झाल्यास, डॉक्टरांना त्या कामाविषयी आवर्जून सांगावे.