बांगडा भाजावा, पण ताजाच

उपवासकाळातल्या शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो आणि घरोघरी मासा होतो. एअर फ्रायरमध्ये पंखा गरम हवा फिरवतो, त्यामुळे अख्खा बांगडा चमचाभर तेलात खरपूस होतो. कल्ले व आतडी काढून माडाच्या मुळाशी पुरावीत. बांगडा धुऊन, चिरे देऊन रिशाद मसाला भरावा. १८० अंशांवर सुमारे १५ मिनिटे ठेवावा, मध्ये एकदा उलटावा. मांस काट्यापासून सहज सुटले की झाला.

मात्र आमचे एक सांगणे आहे. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होते. ते कितीही भाजले तरी जात नाही. मग चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगाला खाज सुटते. वासावरून ते नेहमी कळतेच असे नाही. म्हणून बाजारातून मासा बर्फातच आणावा. शंका आली तर टाकून द्यावा.