तिसऱ्या फेरीला तीन बोटं

शार्लटला आलो तेव्हा सुरुवातीला एक गोष्ट काही केल्या कळायची नाही. जुन्या पिकअप ट्रकच्या मागच्या काचेवर एक तिरका, जाडजूड '३' चिकटवलेला दिसायचा. गॅरेजच्या दारावर, टोपीवर, एकदा तर वाण्याच्या दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या दंडावर गोंदवलेलासुद्धा. मला वाटलं, एखादा पंथबिंथ असणार. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्यांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तसंच समज. तो आमच्या गावचा."

तो म्हणजे डेल अर्नहार्ट. नॅस्कार शर्यतींचा सात वेळचा विजेता, ७६ शर्यती जिंकलेला, काळ्या तीन नंबरच्या शेवरलेचा ड्रायव्हर. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर तो गेला. वय ४९. मी तेव्हा पुण्यात शाळेत होतो. त्यानंतर आठवड्याभरात ब्रॅडमन गेले, ती बातमी मला लख्ख आठवते. पेपरातला फोटोही आठवतो. ही बातमी आमच्यापर्यंत पोहोचलीच नसावी, किंवा पोहोचून निसटली असावी. त्या महिन्यात ऑस्ट्रेलियाची टीम भारतात येऊन दाखल झाली होती, आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं.

खरं सांगायचं तर गोल गोल फिरणाऱ्या गाड्या तीन-चार तास बघण्यात काय मजा, असं मलाही वाटायचं. (आमच्या पाच दिवसांच्या कसोटीबद्दल इकडचे लोक हेच विचारतात, तेव्हा मी गप्प बसलो.) मग एका शनिवारी ते सहकारी मला त्यांच्या गावाला घेऊन गेले. कॅनापोलिस. शार्लटपासून जेमतेम ४० किलोमीटर.

गाव म्हणजे एका गिरणीचं गाव. कॅनन मिल्स. टॉवेल आणि चादरी बनवणारी, एके काळी या धंद्यातली जगातली सगळ्यात मोठी. घरं गिरणीची, दुकानांच्या जागा गिरणीच्या. नगरपालिका म्हणून गावाची रीतसर नोंद झाली तीच मुळी १९८४ साली. अर्नहार्टचे वडील राल्फ याच गिरणीत काम करत आणि तिथून सुटका म्हणून शर्यतींकडे वळलेले. १९५६ मध्ये त्यांनी त्यांच्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. मुलानं नववीत शाळा सोडली ती वडिलांना बिलकूल पसंत नव्हती. १९७३ मध्ये ते हृदयविकारानं गेले, पोराचं नाव व्हायच्या आधीच.

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. त्यामुळे सहकारी जेव्हा म्हणाले की २००३ च्या जुलैमध्ये गिरणी बंद झाली आणि गावातल्या हजारो लोकांची नोकरी एका दिवसात गेली, त्यांच्या आईचीही, तेव्हा मला फार समजावून सांगावं लागलं नाही. गिरणी पाडून तिथं आता संशोधन संस्थांच्या चकचकीत इमारती उभ्या आहेत. परळला मॉल आहेत, एवढाच फरक.

गावात त्याचा ९ फुटी ब्राँझचा पुतळा आहे. शर्यतीच्या पोशाखात नाही, साध्या जीन्समध्ये, हाताची घडी घालून उभा. सहकारी पुतळ्याकडे बघत सांगत होते. बारा महिने अंगात ग्रीस मुरलेला माणूस. चाहत्यांनी त्याला 'इंटिमिडेटर' नाव ठेवलेलं, म्हणजे धाक घालणारा. पुढच्या गाडीला मागून हलकेच टोला देऊन बाजूला सारायचा, त्यामुळे अर्ध्या प्रेक्षकांचा तो लाडका आणि अर्ध्यांच्या शिव्यांचा धनी. पण डेटोनाची मोठी शर्यत काही हाती लागेना. १९९० मध्ये शेवटच्या फेरीत पुढे असताना टायर फाटला. १९९७ मध्ये गाडी उलटली. त्याला अँब्युलन्सजवळ नेलं, तर यानं वळून पाहिलं, की अरे, चाकं तर चारही जागेवर आहेत! उतरला, गाडीत बसला आणि मोडकी गाडी चालवत शर्यत पुरी केली. अखेर १९९८ मध्ये, विसाव्या प्रयत्नात, तो जिंकला. तेव्हा बाकी सगळ्या संघांची माणसं ओळीनं उभी राहिली, हात मिळवायला. ज्यांना त्यानं वीस वर्षं टोले दिले, तीच.

त्याच्या जाण्यानंतर २००१ चा उरलेला हंगाम प्रत्येक शर्यतीत तिसऱ्या फेरीला प्रेक्षक उठून उभे राहायचे आणि तीन बोटं वर करायचे. टीव्हीवरचे समालोचक ती फेरी संपेपर्यंत बोलायचे नाहीत. नुसता गाड्यांचा आवाज. सहकाऱ्यांनी हे सांगताना नकळत स्वतःची तीन बोटं वर केली होती.

इथवर मी नुसता ऐकत होतो. मग आमची जात आडवी आली, इंजिनिअरची. घरी येऊन अपघाताची चित्रफीत पाहिली. बघून वाटेल, यात काय? गाडी घसरली, भिंतीला धडकली, दुसऱ्या एका गाडीसह घसरत आतल्या गवतावर येऊन थांबली. उलटली नाही, पेटली नाही. पण धडक ताशी २५० किलोमीटरच्या आसपासची. अशा वेळी पट्ट्यांमुळे धड जागेवर राहतं, डोकं मात्र हेल्मेटच्या वजनासकट पुढे फेकलं जातं, आणि कवटीच्या तळाचं हाड तुटतं. आदल्याच वर्षी नॅस्कारचे तीन ड्रायव्हर शर्यतीच्या ट्रॅकवर गेले होते. त्यांतला एक, ॲडम पेटी, अवघा १९ वर्षांचा.

यावर उपाय नव्हता असं नाही. रॉबर्ट हबर्ड या प्राध्यापकानं आपल्या शर्यतपटू मेहुण्यासाठी, जिम डाउनिंगसाठी, १९८० च्या दशकातच 'हान्स' नावाची वस्तू तयार केली होती. खांद्यावर बसणारी एक ताठ कॉलर, वरून सीटचे पट्टे, आणि कॉलरला हेल्मेट बांधणारे दोन बंद. बस, एवढंच. धड थांबलं की डोकंही थांबतं. त्या दिवशी डेटोनाला ती मोजक्याच ड्रायव्हरांनी घातली होती. अर्नहार्टला ती मुळीच आवडत नसे. हेल्मेटही तो जुन्या पद्धतीचं, तोंड उघडं राहणारं घालायचा.

ऑक्टोबर २००१ मध्ये नॅस्कारनं अशी साधनं सक्तीची केली. पुढे भिंतींवर धक्का शोषणारे पोलादी कठडे आले, गाड्यांची रचना बदलली. त्यानंतर नॅस्कारच्या वरच्या राष्ट्रीय मालिकांमध्ये शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. एकही.

सोमवारी मी सहकाऱ्यांना जरा जोरातच विचारलं, "मग त्यानं ती घातली का नाही? आणि तुम्ही लोक त्याची पूजा करता!" नंतर वाटलं, विचारायला नको होतं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या आईनं त्याच्यावर कधी राग धरला नाही. मी धरला. अजून आहे." आणि मेल वाचू लागले.

आता घरची गोष्ट. माझे बाबा ७१ वर्षांचे, सदाशिव पेठेत राहतात, ॲक्टिव्हा चालवतात. हेल्मेटसक्तीविरुद्धच्या मोर्चात मोठ्या अभिमानानं गेले होते. मान अवघडते, ऐकू येत नाही, आणि "मला मंडईपर्यंतच तर जायचंय" ही त्यांची ठरलेली कारणं. गेल्या दोन वर्षांत आमचे फोनवर यावरून इतके खटके उडाले की आई मध्येच फोन काढून घ्यायची. त्या रात्री मी सक्ती, दंड, आकडेवारी काही काढलं नाही. नुसती डेल अर्नहार्टची गोष्ट सांगितली, अँब्युलन्समधून उतरण्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "माणूस जबरदस्त होता रे." मग थोडं थांबून, "मुलं किती होती त्याला?"

"चार. एक तर त्याच शर्यतीत होता, बाबा. दुसरा आला."

"बरं," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

परवा आईनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. बिल्डिंगखाली बाबांची ॲक्टिव्हा, डाव्या आरशाला लटकवलेलं कोरं करकरीत काळं हेल्मेट, प्लॅस्टिक अजून न काढलेलं. मी विचारलं, "घालतात का?" आईचं उत्तर आलं: "मंडईला जाताना नाही. लक्ष्मी रोडच्या पुढे गेले की घालतात म्हणे."