इंग्रजी अध्यापनाचे संशोधन वाचताना

दौंड तालुक्यातील यवत हे पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव. उसाचे मळे, गुऱ्हाळे आणि आषाढीच्या वाटेवरील तुकोबांच्या पालखीचा मुक्काम यांमुळे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा गावातील शाळेपुढे कधी ना कधी एखादा प्रस्ताव येतोच: अमुक यंत्र वा संच घेतल्यास मुलांचे इंग्रजी सुधारते, हे ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तेव्हापासून अशा प्रस्तावांना तोटा नाही. खर्च गावाचा आणि वर्ष मुलांचे असल्याने ‘सिद्ध’ या शब्दामागे काय आहे, हे तपासणे मुख्याध्यापकांचे आणि पंचायत सदस्यांचेही काम ठरते.

महाराष्ट्रातच झालेला एक अभ्यास उदाहरणादाखल घेऊ. ‘प्रथम’ संस्थेच्या इंग्रजी शिक्षण कार्यक्रमाची पाहणी फँग ही, ली लिंडन व मार्गारेट मॅक्लाउड यांनी केली आणि २००८ साली तिचे निष्कर्ष मांडले. कोणाला कार्यक्रम मिळावा हे निवडीवर न सोडता जणू चिठ्ठ्या टाकून ठरविले होते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. उत्साही शिक्षकांच्या शाळा आपण होऊन पुढे आल्या असत्या, तर प्रगतीचे श्रेय यंत्राचे की शिक्षकाचे, हे सांगता आले नसते.

मुलांची इंग्रजीतील प्रगती सरासरीने सुमारे ०.३ प्रमाण विचलन इतकी आढळली. (कला शाखेच्या पदवीधराला असे शब्द पाहून धडकी भरते, प्रस्तुत लेखक त्याला अपवाद नाही.) गुणानुक्रमे खालून वर उभ्या केलेल्या शंभर मुलांच्या रांगेत पन्नासाव्या जागेवरील मूल साधारण बासष्टाव्या जागी जाते, एवढाच त्याचा अर्थ. लाभ खरा आहे. पण तो चमत्कार नव्हे.

मात्र सरासरीपाशी थांबणारा वाचक मुख्य गोष्टीला मुकतो. ज्या पद्धतीत शिक्षकाने घेतलेले उपक्रम होते, तिचा लाभ मागे पडलेल्या मुलांना अधिक झाला. केवळ यंत्रावर आपल्या गतीने शिकण्याचा लाभ हुशार मुलांना अधिक झाला. शिवाय बाहेरून नेमलेल्या साहाय्यकांऐवजी शाळेच्याच शिक्षकांनी कार्यक्रम राबविला, तेथे गणिताचे गुणही वाढले. ‘यंत्र उपयुक्त ठरले’ एवढेच सांगणारा विक्रेता खोटे बोलत नाही. पण ज्या मुलांसाठी यंत्र घ्यावयाचे, त्यांच्याविषयी तो गप्प असतो.

परीक्षा कोणती घेतली, हेही पाहावे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत व्याकरणाऐवजी कृतींतून इंग्रजी शिकविण्याचा ‘बंगलोर प्रकल्प’ चालविला. बेरेटा व डेव्हिस यांनी १९८५ मध्ये त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. वाक्यरचनेच्या चाचणीत जुन्या पद्धतीची मुले आणि कृतींच्या चाचणीत नव्या पद्धतीची मुले बव्हंशी सरस ठरली. म्हणूनच त्यांनी कोणत्याही पद्धतीकडे न झुकणाऱ्या चाचण्याही घेतल्या होत्या. तेथे नव्या पद्धतीचे पारडे काहीसे जड राहिले. पण वर्ग शाळेत होते तसेच घेतलेले असल्याने ते मुळात सारखे होते का, हा प्रश्न उरलाच.

आकडा कोणत्या प्रदेशाचा, हाही प्रश्न आहे. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे चौथा हिस्सा मुले इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचू शकत होती. ही पाहणी जिल्ह्यातील ३० गावे व प्रत्येक गावातील २० कुटुंबे घेऊन होते. तिच्यावरून दौंड तालुक्याविषयीसुद्धा काही ठरविता येत नाही, मग यवतच्या एका शाळेची गोष्ट दूरच. शिवाय ती वाचन तपासते, संभाषण नव्हे.

शेवटच्या चाचणीला किती मुले हजर होती, हा आकडा अहवालात बहुधा मागच्या तक्त्यात असतो. गुऱ्हाळांवर बाहेरगावाहून कामाला येणारी कुटुंबे हंगाम संपताच परततात आणि त्यांच्या मुलांची नावे पटावरून गळतात. घरात मराठीही न बोलणारी मुले त्यांत असू शकतात. ती गेल्यावर उरलेल्या वर्गाची सरासरी, कोणी काही न शिकविताही, वर चढलेली दिसू शकते.