संगणकाच्या पोटातली वीज कशी पारखावी?

कापसाची गाडी जिनिंगच्या फाटकाशी उभी राहिली, म्हणजे घेणारा माणूस वरवरचा कापूस पाहून भाव बोलत नाही. तो गाडीत कोपरापर्यंत हात खुपसतो, आतला मूठभर कापूस बाहेर काढतो, बोटांत धरून धागा ओढतो आणि तळहातावर दाबून ओल किती ते पाहतो. वर पांढराशुभ्र आणि आत कवडी, असा माल त्याला खपत नाही. देवळीच्या शेतकऱ्याला ही पारख कुणी शिकवायला नको. पण हाच आपला माणूस संगणकाचे सामान घ्यायला वर्ध्याच्या दुकानात गेला, की डब्यावरची चिठ्ठी वाचतो, भाव विचारतो आणि डबा पिशवीत टाकून घरी येतो. आत हात खुपसत नाही. आज त्या आतल्या मालाविषयी चार गोष्टी सांगाव्या म्हणतो.

आपल्या भागातल्या एका शाळेची गोष्ट आहे. गावाचे नाव घेण्याचे कारण नाही. शाळेत एकच धड संगणक होता. दोन हिवाळे बसून गुरुजींनी शाळा सोडल्याच्या दाखल्यांची जुनी रजिस्टरे त्यात उतरवून घेतली होती. एके दिवशी संगणकाचा पॉवर सप्लाय बिघडला. बाजारात ज्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात, तोच हा पत्र्याचा डबा. दुकानात दोन डबे समोर आले. दोहोंवर ४५० वॅट असे लिहिलेले. एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट. बरोबर आलेला शाळा समितीचा सभासद म्हणाला, “गुरुजी, हाही साडेचारशेचा आन् तोही साडेचारशेचाच. मंग जास्तीचे पैसे काहून द्याचे?” गुरुजींपाशी उत्तर नव्हते. स्वस्त डबा आला. मे महिन्यात एका दुपारी फट्‌ असा आवाज झाला, जळका वास सुटला. डबा तर गेलाच, पण जाताना मुख्य पट्टी आणि माहिती साठवणारी तबकडी, दोन्ही घेऊन गेला. दोन हिवाळ्यांची मेहनत एका क्षणात राख झाली.

सभासदाचा प्रश्न मात्र रास्त होता. त्याचेच उत्तर आज शोधू.

प्रथम हा डबा करतो काय, ते पाहू. भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि ती सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावे खाते. संगणकाच्या आतल्या नाजूक भागांना ती चालत नाही. त्यांना एकाच दिशेने वाहणारी, शांत आणि अगदी कमी दाबाची वीज लागते: काहींना १२ व्होल्ट, काहींना ५, तर काहींना ३.३. धरणाचे पाणी कालव्याने येते, पण रोपाच्या बुडाशी ते बेताने सोडावे लागते, तसेच हे. १२ व्होल्टची तार पिवळी, ५ ची लाल, ३.३ ची नारिंगी आणि परतीची काळी, असा संकेत आहे. अलीकडच्या काही डब्यांच्या साऱ्याच तारा काळ्या असतात, तेवढे ध्यानात ठेवावे. आज घरोघरी दिसणाऱ्या संगणकांत या डब्याचे जे माप चालते, ते ‘एटीएक्स’ नावाने इंटेल कंपनीने १९९५ साली ठरवून दिले.

आता पहिली पारख. ती चिठ्ठीची आहे आणि तिला फक्त गुणाकार यावा लागतो. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. आजचा संगणक आपली बहुतेक ताकद १२ व्होल्टच्या तारेतून घेतो. म्हणून डब्याच्या बाजूचा तक्ता वाचावा आणि १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. समजा तिथे १४ लिहिले आहे. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८. म्हणजे वर मोठ्या अक्षरांत ४५० छापलेले असले, तरी कामाची ताकद १६८ वॅटच. बाकीची बेरीज ज्या तारांवर फारसे ओझे पडत नाही, त्यांच्या नावाने दाखवलेली. खऱ्या ४५० वॅटच्या डब्यात १२ व्होल्टखाली ३५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. १२ गुणिले ३५ म्हणजे ४२०. तक्त्यात १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची आंधळी बेरीज करू नये. दोहोंची मिळून मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती धरावी. आणि ज्या डब्यावर तक्ताच नाही, तो हातात न घेतलेला बरा.

दुसरी पारख उन्हाची. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, संगणकाच्या पेटीच्या आत तो आणखी चढतो. काही डब्यांची ताकद २५ अंशांच्या थंड हवेत मोजून छापलेली असते, काहींची ४० किंवा ५० अंशांत. थंडीत चार पोती उचलणारा गडी भर उन्हात तीनच उचलील, हे आपण जाणतो. म्हणून ताकद किती अंशांवर मोजली, हे विचारावे. डब्याच्या आत कपॅसिटर नावाच्या लहान-मोठ्या नळकांड्या असतात. त्या वीज साठवतात आणि तिचे हेलकावे शांत करतात. त्यांच्या पोटात ओलसर रसायन असते आणि उष्णतेने ते सुकत जाते. ढोबळ हिशेब असा, की दर १० अंश उष्णता वाढली की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. चांगल्या डब्यात १०५ अंशांपर्यंत टिकणारे कपॅसिटर घालतात, हलक्यात ८५ अंशांचे. शाळेचा डबा मे महिन्याच्या दुपारीच का गेला, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

मग जाताना तो इतरांना का घेऊन गेला? भार प्रमाणाबाहेर गेला, तारा एकमेकींना चिकटल्या, दाब अचानक वाढला किंवा आत उष्णता फार झाली, तर चांगला डबा आपण होऊन बंद पडतो. ही राखण त्याच्या आत बांधलेली असते. हलक्या डब्यात पैसे वाचवायचे म्हणून ती गाळतात आणि एका फ्यूजच्या भरवशावर सोडतात. फ्यूज वितळेपर्यंत पुढच्या भागांवर चढा दाब जाऊन बसतो. घर जळाल्यावर पहारेकरी जागा व्हावा, तसा हा प्रकार.

तिसरी पारख औताला जुंपून करायची. बैल घेताना आपण दात पाहतो, पण सौदा पुरा करण्याआधी त्याला चालवूनही पाहतो. हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवून दाखवणारा दुकानदार सांगतो, “पाहा, चालू आहे.” पण तो बैल मोकळाच उभा आहे, ओझे ओढील की नाही, ते अजून कळलेले नाही. डबा संगणकाला जोडून, त्याला जड काम लावून, मग मीटरने दाब मोजावा. मापाप्रमाणे १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या आत हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५ च्या आत, आणि ३.३ ची साधारण ३.१४ ते ३.४६ च्या आत. म्हणजे शंभराला पाच खाली किंवा पाच वर, एवढीच मुभा. मोकळा असताना १२ दाखवणारा डबा ओझ्याखाली ११ वर बसला, तर तो परत करावा. ही मोजणी जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावी.

काही गुण साध्या मीटरला दिसत नाहीत. बाहेर पडणाऱ्या विजेत थोडी लहर उरतेच. १२ व्होल्टच्या तारेवर ती १२० मिलिव्होल्टच्या आत आणि बाकी दोन तारांवर ५० च्या आत असावी, असे माप सांगते. तसेच बाहेरची वीज डोळा मिटण्याआधीच्या क्षणभर गेली, तर साठवलेल्या विजेवर डब्याने सुमारे १६ मिलिसेकंद तग धरावा, अशी अपेक्षा आहे. यूपीएस बॅटरीवर जायला जे काही मिलिसेकंद घेतो, ते याच तगीवर निभतात. यूपीएस असूनही लाइट जाताच संगणक बंद पडत असेल, तर दोष नेहमी यूपीएसचाच नसतो.

या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी तिऱ्हाइताची साक्ष उपयोगी पडते. ‘८० प्लस’ नावाची खूण २००४ पासून प्रचारात आली. तिचा अर्थ असा, की ठरावीक भारांवर आत घेतलेल्या शंभर भाग विजेतले निदान ८० भाग डबा संगणकाला देतो आणि उरलेलीच उष्णतेत घालवतो. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या तिच्या चढत्या पायऱ्या. हिशेब करून पाहू. संगणकाला १०० वॅट लागतात. शंभरात ६५ देणारा डबा भिंतीतून १५४ वॅट ओढील, ८५ देणारा ११८. फरक ३६ वॅटचा. दिवसाला आठ तास आणि वर्षाला अडीचशे दिवस म्हणजे दोन हजार तास. म्हणजे एका संगणकामागे वर्षाला ७२ युनिट वाया. दहा संगणकांच्या वर्गात ७२० युनिट! आणि ही वाया गेलेली वीज खोली तापवते, ते वेगळेच. पण एक सावधगिरी: ही खूण काटकसरीची आहे, सर्व गुणांची नव्हे. वजनाचेही तसेच. चांगला डबा बहुधा जड लागतो, कारण आत तांब्याची वेटोळी आणि उष्णता ओढणारे पत्रे भरपूर असतात. पण नुसते वजन हा पुरावा नव्हे.

आता डब्याचा दोष सोडून आपल्या घराकडे पाहू. रब्बीत रात्री मोटारी सुरू झाल्या, की गावातला दिवा पिवळा पडतो. दाब २३० वरून बराच खाली येतो. काही डबे १०० पासून २४० व्होल्टपर्यंत कोणत्याही दाबावर चालतात. तसे त्यांच्या तक्त्यात लिहिलेले असते. खेड्यातल्या माणसाने असाच डबा मागावा. जुन्या किंवा हलक्या डब्याच्या पाठीशी एक लहान तांबडे बटण असते, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेले. ते चुकून ११५ वर सरकले आणि आपली २३० ची वीज आत गेली, तर डबा त्याच क्षणी फुटतो. शिक्षकांनी मुलांना हे आवर्जून सांगावे. संगणक इन्व्हर्टरवर चालवायचा असेल, तर तो साइन वेव्ह जातीचा घ्यावा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर काही चांगले डबेही कुरकुरतात.

आणखी एक अनुभव सर्वांचा असेल. पेटीच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. लोक म्हणतात, डबा खराब आहे. बहुधा तसे नसते. विजेतला कचरा गाळण्यासाठी डब्यात जी जोडणी असते, तिच्यातून अगदी थोडी वीज पत्र्यावर येते आणि ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी, अशी योजना असते. अर्थिंगच नसेल, तर ती वाट पाहत पत्र्यावर बसते आणि आपला हात लागताच आपल्यातून वाट काढते. अर्थिंग नसलेल्या घरात अति उत्तम डबाही अर्धाच सुरक्षित. पावसाळ्यापूर्वीच्या कडाडणाऱ्या विजांत तर प्लगच काढून ठेवावा. त्याहून स्वस्त उपाय नाही.

देवळी कापसाच्या मुलखातली. इथे हवेत तंतू उडतात, ते पंख्याच्या जाळीवर जमून वाऱ्याची वाट अडवतात. महिना-दोन महिन्यांनी प्लग काढून जाळी बाहेरून ब्रशने झाडावी. पण डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ दबा धरून बसलेला असतो. त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. वर्गातल्या एखाद्या संगणकाच्या डब्यावरचा तक्ता मुलांकडून वहीत उतरवून घ्या. व्होल्ट गुणिले अँपिअर करायला लावा आणि उत्तर छापील वॅटशी ताडून पाहायला सांगा. गणिताचा तास होईल, विज्ञानाचाही होईल, आणि गावाला गिऱ्हाईक म्हणून शहाणी अशी एक पिढी मिळेल.

आज सातबारा काढायचा, पीक विम्याचा अर्ज भरायचा, मुलांचे दाखले ठेवायचे, तर गाव संगणकाच्या दारात उभे असते. अखेरच्या तारखेला तो पत्र्याचा डबा दगा देतो, तेव्हा नुकसान डब्याच्या किमतीएवढे राहत नाही. म्हणून त्या सभासदाला द्यायचे उत्तर असे: भाऊ, साडेचारशे दोहोंवर लिहिले आहे खरे, पण आपण गाडीवर लिहिलेला भाव घेत नाही, आतला कापूस घेतो. आणि डबा कितीही पारखून घेतला, तरी दाखल्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवा. बी सारे एकाच कणगीत ठेवायचे नसते, हे आपल्या आजीला ठाऊक होते.