हरिपुऱ्यात गळलेलं चौथं कलम

गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक या आठवड्यात घेतो, असं कबूल केलं होतं. पण गांधीजींच्या ‘नई तालीम’ या शिक्षणयोजनेवरचा मागचा लेख वाचून बारडोलीच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं. माहेर खानदेशात, नोकरी बारडोलीत. बाई लिहितात : वर्धा झालं, सेवाग्राम झालं, आमच्या बारडोलीत शेतसारा आणि वल्लभभाई सोडून शिक्षणाचं काही घडलं की नाही? बाईंनी नेमका माझ्या आवडीच्या विषयाला हात घातला. तेव्हा गिजुभाई आठवडाभर थांबतील.

आधी १९२२. चौरीचौऱ्यानंतर ११ आणि १२ फेब्रुवारीला काँग्रेस कार्यसमिती बारडोलीत बसली आणि सत्याग्रह थांबला. इतिहासाची पुस्तकं इथे पान उलटतात. पण त्याच ठरावात कार्यकर्त्यांनी पुढे काय करायचं त्याची यादी आहे : काँग्रेसचे सभासद, चरखा, अस्पृश्यतेचं काम, दारूबंदी, पंचायती आणि राष्ट्रीय शाळा. शाळांच्या कलमाखाली एक छोटी टीप आहे. सरकारी शाळांपुढे पिकेटिंग करायचं नाही. राष्ट्रीय शाळा सरस असतील तर मुलं आपणहून येतील, भिस्त तेवढ्यावरच ठेवायची.

शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांपेक्षा मला ही टीप मोलाची वाटते. दीड वर्षापूर्वी मुलांना सरकारी शाळेतून काढा, अशी हाक दिली गेली होती. गुजरात विद्यापीठ १९२०मध्ये निघालं, पुण्यात टिळक विद्यापीठ पुढच्या वर्षी. पोरं भारावून बाहेर पडली, पण नव्या शाळेत शिकवायचं काय आणि कसं, याची तयारी बहुतेक ठिकाणी नव्हती. जुन्या क्रमिक पुस्तकाला खादीचं वेष्टण घातलं की शाळा राष्ट्रीय होत नाही. बारडोलीच्या टिपेनं देशभक्तीच्या नावावर सूट मागायची सोयच काढून घेतली. शाळा चालवताय ना? मग ती चांगली चालवा.

सोळा वर्षांनी ठरावांची ही गाडी पुन्हा याच तालुक्यात आली. फेब्रुवारी १९३८, तापीकाठचं हरिपुरा, अध्यक्ष सुभाषबाबू. ‘नई तालीम’ मांडणारी ऑक्टोबर १९३७ची वर्धा परिषद आणि तिचा अभ्यासक्रम आखणारी झाकिर हुसेन समिती मागच्या लेखात येऊन गेलीच आहे. समितीचं वेळापत्रक मात्र तेव्हा द्यायचं राहिलं. दिवस साडेपाच तासांचा. त्यात मूलोद्योग, म्हणजे हस्तोद्योग, ३ तास २० मिनिटं. मातृभाषा ४० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि विज्ञान मिळून ३० मिनिटं. व्यायाम १० मिनिटं, सुट्टी १० मिनिटं. चित्रकला आणि गणित एकाच चाळीस मिनिटांत कसं बसवायचं, हे ज्यानं वर्ग घेतलाय त्यालाच विचारावं! अर्थात समितीचं उत्तर तयार होतं : गणित टकळीवरच शिकवायचं. तार मोजले, सुताचा नंबर काढला, मजुरीचा हिशेब केला, की झालं गणित.

आता मेख बघा. वर्ध्याच्या ठरावात चार कलमं होती : सात वर्षं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, उत्पादक हस्तोद्योग केंद्रस्थानी आणि चौथं, मुलांच्या कामातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा. हरिपुऱ्याच्या ठरावात पहिली तीन आली. चौथं नाही.

त्या चौथ्या कलमावरून वर्ध्यातच रण माजलं होतं. शाळेतला माल बाजारात आला की गावच्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, हा अर्थतज्ज्ञ के. टी. शहांचा आक्षेप. खुद्द झाकिर हुसेन समितीनंच धोक्याची सूचना लिहून ठेवली की, पैशाच्या बाजूवर भर पडला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम उपसण्याच्या मागे लागतील आणि शिक्षण बाजूला पडेल. ज्याचा पगार मुलांच्या सुतावर अवलंबून, तो मास्तर मुलाला खिडकीबाहेर बघू देईल का? तीन कलमांवर थांबणं मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं. १९२२च्या टिपेनं शाळेला दडपशाहीपासून दूर ठेवलं, हरिपुऱ्यानं मुलाच्या कमाईपासून.

पण बाई, तुमच्या तालुक्यातली दुसरी गोष्ट या दोन्ही ठरावांना भारी पडते. १९२०च्या दशकात सरभोणला गांधीजींचे सहकारी नरहरी परीखांनी दुबळा समाजातल्या शेतमजुरांसाठी रात्रशाळा काढली. हे मजूर म्हणजे हाळी, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर मालकाच्या घरी बांधलेले. शाळा सरस होती, मास्तर परीखांसारखा होता. तरी मालकांनी आपापले हाळी परत नेले आणि परीखांना उपोषणाला बसावं लागलं. मालक कोण? ज्यांच्या जिवावर पुढे सारा-सत्याग्रह उभा राहिला, त्यांच्यातलेच पाटीदार. सरस शाळा येणाऱ्याला ओढते; ज्याला उठून यायची मुभाच नाही, त्याला ओढायची कशी?

या प्रश्नाला गांधीवादी कार्यकर्ते जुगतराम दव्यांनी जवळच्या वेडछीत उत्तर शोधलं : मुलाला आश्रमातच ठेवून घ्यायचं आणि झाडू, स्वयंपाक, शेती यांचाच अभ्यासक्रम करायचा. त्यांचं ‘आत्मरचना अथवा आश्रमी केळवणी’ तुम्हाला गुजरातीतून वाचता येईल, जरूर वाचा. सोबत गांधीजींची ‘रचनात्मक कार्यक्रम’ ही पुस्तिका घ्या. डिसेंबर १९४१मध्ये सेवाग्रामहून बारडोलीला येताना आगगाडीत ती लिहिली गेली.

हाळी पद्धत गेली, पण बारडोलीच्या साखर कारखान्याला ऊस पुरवणारे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, दिवाळीनंतर डांगातून, खानदेशातून उतरतातच. आई मोळी बांधते, थोरली पोर पडावावर धाकट्याला सांभाळते. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव असतं, पोर असते उसाच्या फडाकडेला. महाराष्ट्रात अशा मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. पण मूल एप्रिलमध्ये गावी परतलं की तिथला वर्ग पुढे गेलेला असतो. कोणती पद्धत चांगली, या वादात या पोरीचा उल्लेखच येत नाही.

पुढच्या वेळी ‘दिवास्वप्न’, नक्की. त्यातला मास्तर शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. वाचून ठेवा, आणि वाचताना एवढं बघा की त्या वर्गात बसलेली मुलं कोणाची आहेत.